कायलिहिलंयबाईंचा खुलासा

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या कार्यालयात माणसं अकरा, संगणक चार आणि प्रश्न एक. प्रश्न बाईंचा होता. कुणीही घाबराघुबरा येऊन म्हणालं, ‘बाई, संगणक मेला,’ की बाई हातातला कागद आधी पुरा करायच्या, मग मान वर करून विचारायच्या, ‘काय लिहिलंय?’

‘कुठे?’

‘पडद्यावर. मरताना काहीतरी लिहून ठेवतो तो.’

‘आलं होतं काहीतरी चौकोनात. मी ओके दाबलं.’

‘वाचलं?’

‘ते वाचायचं असतं?’

आठवड्यातून चारदा तरी हा संवाद व्हायचा. त्यावरून बाईंचं नाव पडलं कायलिहिलंयबाई. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे तर दाखल्यासाठी खिडकीवर येणारी माणसंही ‘कायलिहिलंयबाई आज आल्यात का?’ असं खुशाल विचारू लागली, जणू ते त्यांचं माहेरचं आडनाव. बाईंनी कधी राग धरला नाही. नाव पडायचंच असेल तर प्रश्नावरून पडलेलं काय वाईट, असं त्या म्हणत. हेडक्लार्कचं नाव त्यांच्या दुपारच्या डुलकीवरून पडलं होतं.

संगणक तेव्हा नवेनवे आलेले. त्यांना नाडीने बांधायचे कापडी बुरखे होते, आणि संध्याकाळी बुरखा बांधल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नसे. बोलायचे ते फक्त इंग्रजीत, आणि तेही अडचणीत आल्यावर. त्यामुळे पडद्यावर चौकोन आला की सगळ्यांना तो वरिष्ठांच्या रागाच्या पत्रासारखा वाटायचा. असलं पत्र कुणी वाचत बसत नाही. ‘होय साहेब’ म्हणायचं आणि बाजूला सारायचं. ओके म्हणजे होय साहेब.

एकदा सकाळी रेकॉर्डकीपरचा संगणक सुरूच होईना. त्यांनी तो मेला असं जाहीर करून बुरखासुद्धा बांधून टाकला. बाईंनी बुरखा सोडला, पडद्यावरची ओळ वाचली आणि मराठी करून सांगितली, ‘तो म्हणतोय, ही सुरू करायची चकती नव्हे. ती काढा आणि कुठलीही कळ दाबा.’ रेकॉर्डकीपर आदल्या दिवशीची फ्लॉपी खाचेत तशीच विसरून गेले होते. फ्लॉपी काढली, कळ दाबली, संगणक सुरू झाला. रेकॉर्डकीपर म्हणाले, योगायोग.

हेडक्लार्कची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या पडद्यावर ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असं आलं, तर त्यांनी संगणकावर ठेवलेल्या फायली उचलल्या, टेबल मोकळं केलं, भिंतीपासून दोन वीत अंतर राखलं. तरी तेच! मग यंत्रच टाकाऊ आहे म्हणून ओरड. नाचता येईना अंगण वाकडं. बाईंनी पाहिलं तर एकच यादी, सुरक्षित राहावी म्हणून, कार्यालयप्रमुख साहेबांच्या या उजव्या हाताने त्रेचाळीस नावांनी त्रेचाळीस वेळा ठेवलेली.

बाईंचा स्वतःचा नियम एकच होता. चौकोन आला की कळीला हात लावायचा नाही. आधी त्यातला मजकूर लांब रजिस्टरमध्ये अक्षर न अक्षर उतरवायचा. तारीख, वेळ, कुणाचा संगणक, काय लिहिलंय, काय केलं, काय झालं. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

सवय मात्र जुनी होती. बाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढलेल्या माणसाला आपण लिहिलेलं अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. म्हणून ते लहानग्या बाईंना रस्त्याच्या पलीकडे उभं करत आणि तिथून मोठ्याने वाचायला लावत. काना, मात्रा, वेलांटी, सगळं. पाटी पूर्ण वाचून झाल्याशिवाय ते शिडीवरून उतरत नसत. एकदा बाईंनी अर्धीच वाचून ‘बरोबर’ म्हटलं, आणि एका डॉक्टरच्या पाटीवर ‘दंतवैद्य’ऐवजी ‘अंतवैद्य’ असं आठ दिवस झळकत राहिलं. डॉक्टरांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. वडील बाईंना काहीच बोलले नाहीत, आणि म्हणूनच ते बाईंच्या जन्मभर लक्षात राहिलं.

इंग्रजी दहावीपुरतं होतं. जोडीला एक शब्दकोश होता, रद्दीतून आणलेला, शेवटची पानं गेलेला. त्यात डब्ल्यूपासून पुढचे शब्दच नव्हते. त्यामुळे ‘वॉर्निंग’ म्हणजे काय हे कळायला बाईंना महिना लागला, आणि तोवर बरंच काही घडून गेलं होतं. पण हळूहळू त्यांना त्या चौकोनांची बोली समजू लागली. संगणक खोटं बोलत नाही, फक्त फार तोडून बोलतो, असं त्यांचं मत झालं. खडूस म्हाताऱ्यासारखा. त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी लागतं, एवढंच.

सात वर्षं बाई रोजंदारीवर होत्या. हाताने दाखले लिहायच्या. मग नेमणूक झाली आणि दोन वर्षांची परिवीक्षा सुरू झाली. म्हणजे दोन वर्षं चोख वागायचं, सेवापुस्तकात वाईट शेरा येऊ द्यायचा नाही, मग कायम. ती दोन वर्षं येत्या एक तारखेला पुरी होत होती. नवरा बस डेपोत मेकॅनिक, सासूबाई इस्पितळात तीस वर्षं आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. घरात तिघंच. तिघांनाही ती एक तारीख तोंडपाठ होती.

आणि नेमका नवा प्रिंटर आला.

तो हेडक्लार्कनी बसवला. जुना काढला, नव्याची वायर जुन्याच्या भोकात खोचली आणि हात झटकले. ‘वायर बसली की प्रिंटर बसला,’ असं ते म्हणाले. त्या दिवसापासून बाईंच्या संगणकावर दाखला छापायला दिला की दर दोन-चार दाखल्यांनी एक चौकोन यायचा आणि प्रोग्राम मान टाकायचा. चौकोनात ओळी दोनच. पहिली अशी, की या प्रोग्रामने इल्लीगल ऑपरेशन केलं आहे आणि तो बंद करण्यात येत आहे. दुसरी अशी, की पुन्हा असं झालं तर प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवा. खाली दोन बटणं, क्लोज आणि डिटेल्स. अख्ख्या कार्यालयात डिटेल्स दाबणाऱ्या बाई एकट्या.

डिटेल्समध्ये आकड्यांचं जंगल असतं. बाईंनी ते नऊ वेळा रजिस्टरमध्ये उतरवलं. नऊही वेळा आकडे वेगळे, पण त्यांच्यात एक आठ अक्षरांचं नाव तेच ते. कुठेतरी पाहिलंय, कुठेतरी पाहिलंय, असं करत त्यांनी ड्रॉवर उपसला. जुन्या प्रिंटरबरोबर आलेल्या फ्लॉपीच्या चिठ्ठीवर तेच नाव होतं! म्हणजे प्रिंटर नवा आला होता, पण त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम जुनाच राहिला होता. नव्याची फ्लॉपी नव्या खोक्यात असणार, आणि खोकं साहेबांच्या कपाटात, कुलपात.

बाई हेडक्लार्ककडे गेल्या. हेडक्लार्क म्हणाले, ‘बाई, प्रिंटर मी बसवलाय.’

‘म्हणूनच तुम्हाला सांगतेय.’

‘आपण आपले दाखले बघा.’

दुसऱ्याच दिवशी सकाळी चौकोन दहाव्यांदा आला. बाई रजिस्टर उघडून तो उतरवत होत्या, आणि नेमके त्याच वेळी साहेब त्यांच्या खुर्चीमागून गेले. साहेबांना इंग्रजीचा अभिमान होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्यांना असतो तेवढा. चालता चालता त्यांनी पडद्यावरचे दोन शब्द टिपले, इल्लीगल आणि ऑपरेशन. बाई पडद्याकडे बघून वहीत काहीतरी लिहितायत. कार्यालय जन्म-मृत्यूचं, आणि खोट्या जन्मतारखांचे किस्से साहेबांनी पुष्कळ ऐकलेले. ते तसेच आपल्या खोलीत गेले आणि घंटी वाजवली.

दुपारी बाईंच्या टेबलावर कागद आला. ‘आपण आज रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयीन संगणकावर बेकायदेशीर कृत्य करीत असताना निम्नस्वाक्षरीकारांना आढळून आलात. सबब, आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. तोपर्यंत आपण संगणकास हात लावू नये.’

ध चा मा निदान एका अक्षराचा होता. इथे साहेबांनी पुरं वाक्य गिळलं आणि दोन शब्दांचा ढेकर दिला.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. भीती वाटलीच, नाही असं नाही. एक तारीख बावीस दिवसांवर होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. ज्या एकट्या माणसाने तो चौकोन वाचला, त्याच माणसाला धरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर चोरही नव्हता!

बरं, गोष्ट कार्यालयात राहिली असती तरी एक वेळ ठीक. पण कागद पोचवणाऱ्या शिपाईमामांनी साहेबांच्या तोंडून ‘इल्लीगल ऑपरेशन’ ऐकलं होतं, आणि मामांना ऑपरेशन म्हणजे एकच माहीत, पोट कापून करतात ते. संध्याकाळपर्यंत बातमी बाईंच्या आधी त्यांच्या गल्लीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. जिन्यातल्या शेजारणीने सासूबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘तुमच्या सुनेनं म्हणे कुणाचं तरी चोरून ऑपरेशन केलं?’

‘तिनं?’ सासूबाई म्हणाल्या. ‘बोटात काटा गेला तर ती डोळे मिटून हात माझ्यापुढे करते. ऑपरेशन करायला निदान बघावं तरी लागतं, बाई!’

शेजारीण गेली. सासूबाईंनी दार लावलं आणि सुनेला म्हणाल्या, ‘आता नीट सांग काय ते.’

बाईंनी सांगितलं. हेही सांगितलं, की सुटताना हेडक्लार्क एक कोरा कागद घेऊन आले होते. ‘साहेब तसे मनाने चांगले आहेत,’ ते म्हणाले होते. ‘दोन ओळी लिहून द्या. नजरचुकीने घडले, पुन्हा घडणार नाही, माफी असावी. साहेब नुसती समज देतील आणि विषय संपेल. एक तारखेला कायम. कशाला ताणता?’

नवरा वाईट माणूस नव्हता. दिवसभर इंजिनाखाली आडवा पडून दमलेला होता. हातावरचं ग्रीस घासत तो म्हणाला, ‘अगं, मग दे ना लिहून. एका सहीचा प्रश्न आहे. नऊ वर्षं काढलीस, आता काठावर येऊन कशाला बुडायचं?’

‘अहो, पण मी काही केलंच नाही!’

‘ते मला माहीत आहे. पण माफी मागितल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत.’

‘पडतात,’ सासूबाई म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाई बोलताना कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. ‘वॉर्डात एकदा थर्मामीटर फुटलं. मी तेव्हा वरच्या मजल्यावर होते. मेट्रन म्हणाली, तू माफी माग, विषय संपेल. मागितली. संपला का विषय? त्यानंतर अठरा वर्षं त्या वॉर्डात कुठेही काच फुटली की आधी सगळे माझ्याकडे बघायचे. मी निवृत्त झाले त्या दिवशी चहाचा कप फुटला, तेव्हासुद्धा. आणि कप मेट्रनच्या हातातला होता.’

नवऱ्याने टॉवेल खुंटीला लावला. ‘मग काय करायचं म्हणता?’

‘मी कुठे काय म्हणतेय?’ सासूबाई म्हणाल्या. ‘तिला ठरवू दे. पण माफीनं विषय संपतो, असं तिला खोटं सांगू नकोस.’

बाईंनी खुलासा लिहायला घेतला. मनात चार पानांचं भांडण तयार होतं, पण कागदावर तीन वाक्यं उतरली. ‘मी बेकायदेशीर कृत्य केलेले नाही. पडद्यावरचा मजकूर पूर्ण वाचावा, ही विनंती. चौकशी संगणकासमोर व्हावी.’ खाली सही.

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. त्यातलं दुसरं वाक्य त्यांना विशेष लागलं. त्यांनी सेवापुस्तक मागवलं आणि लाल शाईने शेरा मारला, ‘संगणकावर बेकायदेशीर कृत्य केल्याचे आढळले. खुलासा असमाधानकारक.’ एक तारीख आली आणि गेली. कायम केल्याचा आदेश आला नाही. बाईंना पुन्हा हाताने दाखले लिहायला बसवलं, रोजंदारीच्या दिवसांत बसायच्या त्याच कोपऱ्यात, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही तिथे.

त्यांच्या संगणकावर आता हेडक्लार्क स्वतः बसू लागले. बाईंना कोपऱ्यातून सगळं दिसायचं. दाखला छापायला दिला, की हेडक्लार्क एकदम ताठ व्हायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पटकन क्लोज दाबायचे. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. म्हणजे गुन्हेगार हलवला तरी गुन्हा जागच्या जागी चालूच! फक्त आता कुणी वहीत लिहीत नव्हतं. बाईंनी दोनदा विचारलं, ‘येतंय का हो तेच?’ हेडक्लार्क म्हणाले, ‘काय येतंय? काही येत नाही.’ आणि खिडकीबाहेर दाखल्यांसाठी माणसं ताटकळत राहिली. एका माणसाला मुलीच्या शाळेसाठी जन्मदाखला हवा होता, तो सलग चार दिवस आला. बाईंनी तो त्याला हाताने लिहून दिला, आणि लिहिताना दात ओठांवर इतके घट्ट दाबले होते की त्या माणसाने विचारलं, ‘बाई, काही दुखतंय का?’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘पण औषध कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.’

तीन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून या प्रकरणाच्या चौकशीसाठी मॅडम आल्या. त्यांना चारची बस गाठायची होती, आणि आल्या आल्या त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकलं. साहेबांनी त्यांच्यासाठी आपल्या खोलीत खुर्ची लावली होती. मॅडमनी खुलासा वाचला, तीनच वाक्यं असल्यामुळे पूर्ण वाचला, आणि म्हणाल्या, ‘संगणकासमोर म्हटलंय ना? मग तिकडेच चला.’

सगळे बाईंच्या जुन्या टेबलाभोवती जमले. मॅडम बाईंना म्हणाल्या, ‘करून दाखवा काय केलं होतंत ते.’

‘मला हात लावायला बंदी आहे, मॅडम. साहेबांनी करून दाखवावं.’

‘मी?’ साहेब म्हणाले.

‘दाखला छापायचा, एवढंच.’

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. साहेब बसले. एक दाखला छापला, व्यवस्थित आला. साहेबांनी मान उंच करून सगळ्यांकडे पाहिलं. दुसरा आला. तिसऱ्याला पडद्यावर चौकोन उमटला. साहेबांचा हात सवयीने माऊसकडे गेला.

‘थांबा,’ बाई म्हणाल्या. इतक्या जोरात, की खिडकीबाहेरची माणसंसुद्धा थांबली. ‘दाबू नका. वाचा, साहेब. मोठ्याने वाचा.’

‘धिस प्रोग्राम हॅज परफॉर्म्ड,’ साहेबांनी सुरुवात केली, आणि तिथेच त्यांचा आवाज खाली आला, ‘अ‍ॅन इल्लीगल ऑपरेशन.’

‘वाक्याचा कर्ता कोण?’ मॅडमनी विचारलं. त्यांनी कधीकाळी शाळेत शिकवलं असावं.

‘प्रोग्राम,’ साहेब म्हणाले.

‘बाई कुठे आहेत यात?’

हेडक्लार्क म्हणाले, ‘पण मॅडम, बेकायदेशीर हा शब्द तर आहेच ना. काहीतरी असल्याशिवाय का तो म्हणेल?’

‘आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आपल्या रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला आहे. कुणी दुसऱ्याच्या कप्प्यात हात घातला तर रेकॉर्डकीपर त्याला बाहेर काढतात. हा प्रोग्राम संगणकाच्या आत दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालतोय, म्हणून संगणक त्याला बाहेर काढतोय. ऑपरेशन म्हणजे कापाकापी नव्हे आणि लबाडीही नव्हे. एक पायरी, एक काम. जे त्याच्या नियमात बसत नाही ते. का बसत नाही, ते डिटेल्समध्ये आहे. दाबा, साहेब.’

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा डिटेल्स दाबलं. बाईंनी रजिस्टर उघडून मॅडमपुढे धरलं आणि बोट ठेवत गेल्या. ते आठ अक्षरांचं नाव. पडद्यावर तेच, रजिस्टरमध्ये दहा वेळा तेच, जुन्या प्रिंटरच्या फ्लॉपीवर तेच.

‘नव्याची फ्लॉपी कुठे आहे?’ मॅडम म्हणाल्या.

कपाट उघडलं. प्रिंटरच्या खोक्यात साहेबांचे फिरायला जायचे बूट होते. बुटांच्या खाली, पाकिटात, शिक्का न फोडलेली फ्लॉपी. मॅडमनी बंदी तिथल्या तिथे तोंडी उठवली आणि बाई तीन महिन्यांनी आपल्या खुर्चीवर बसल्या. जुना प्रोग्राम काढला, नवा घातला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. बारा मिनिटं गेली. मग दाखले छापायला दिले, एकामागून एक वीस. विसाव्यापर्यंत चौकोन आला नाही. खिडकीबाहेर कुणीतरी टाळी वाजवली आणि शिपाईमामांनी त्याला दटावलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मॅडमनाही तसंच वाटलं. पावणेचार झाले होते. त्यांनी कागद ओढला आणि बोलत बोलत लिहू लागल्या, ‘आरोप सिद्ध होत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

‘मॅडम, हे नको,’ बाई म्हणाल्या.

‘काय नको? तुम्ही सुटलात.’

‘सिद्ध होत नाही म्हणजे केलं असेल, पण सापडलं नाही. मी केलंच नाही. तसं लिहा.’

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मग आपली ओळ खोडली आणि लिहिलं, ‘असे कृत्य घडलेलेच नाही.’ आता तरी झालं, अशा बेताने त्यांनी पेनाला टोपण लावलं.

‘आणि सेवापुस्तकातला शेरा?’

‘त्यात खाडाखोड करता येत नाही,’ साहेब घाईने म्हणाले. ‘नियम आहे.’

‘मग खोडू नका. त्याच्या खाली लिहा. त्याच शाईने.’

साहेबांनी सेवापुस्तक मागवलं, लाल पेन घेतलं आणि लिहिलं, ‘वरील शेरा रद्द समजावा.’

‘का, ते लिहा.’

‘रद्द करताना कारण लिहायची पद्धत नाही.’

‘शेरा मारताना तर कारण लिहिलं होतं.’

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी घड्याळाकडे. साहेबांनी पुढे लिहिलं, ‘सदर शेरा चुकीचा आहे. तो गैरसमजुतीने,’ आणि बाईंचा हात पानावर आला.

‘गैरसमजुतीने नाही, साहेब. समज, गैरसमज, सगळं वाचल्यानंतर होतं. आपण वाचलंच नव्हतं. न वाचता, असं लिहा.’

‘बाई!’ साहेबांचा आवाज चढला. ‘अति होतंय हां आता. मी या कार्यालयाचा प्रमुख आहे. माझ्याच हाताने, लाल शाईने, मी वाचत नाही असं लिहू? आजच्या तारखेने तुमचा आदेश काढायला मी तयार आहे. तीन महिन्यांची ज्येष्ठता गेली ती गेली, पण निदान आज कायम व्हाल. एवढ्या दोन शब्दांसाठी आणखी महिनाभर फाईल फिरवायची आहे का? बोला.’

हेडक्लार्क कानाशी आले. ‘घ्या ना बाई पदरात. कशाला हात दाखवून अवलक्षण?’

बाईंनी एक तारीख आठवली. नवऱ्याच्या हातावरचं ग्रीस आठवलं. तरी आवाज बाहेर आला तो स्वच्छ. ‘फिरू दे महिना,’ त्या म्हणाल्या. ‘पण मग माझाही एक अर्ज सोबत फिरेल.’ पर्समधून त्यांनी घडी केलेला कागद काढून रजिस्टरवर ठेवला. ‘गेल्या दोन वर्षांत हाच संदेश या कार्यालयात सव्वीस वेळा आलाय. चार संगणकांवर, पण बसलेले सात जण. तारीख, वेळ, सगळं लिहिलेलं आहे. तो पडद्यावर येणं हे बेकायदेशीर कृत्य असेल, तर सातही जणांची चौकशी व्हावी, अशी विनंती केलीय. साहेबांचं नाव तीनदा आहे.’

मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं चाळली. तिन्ही नोंदी सापडल्यावर त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. खुर्ची ओढून त्या आरामात टेकून बसल्या.

‘लिहा, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘माझी बस तशीही गेली.’

साहेबांनी ‘गैरसमजुतीने’वर आडवी रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं केली आणि पुढे लिहिलं. ‘संगणकावरील संदेश न वाचता लिहिला गेला.’ सही केली, शिक्का मारला, आणि पुस्तक बाईंच्या अंगावर जवळजवळ ढकललंच. ‘घ्या. करा सही.’

बाईंनी सही केली नाही. पुस्तक सरळ करून घेतलं आणि वाचायला लागल्या. वरचा शेरा, खालचा शेरा, शाईची रेघ, तारीख, शिक्क्यातली अक्षरं. ओठ हलत होते. साहेब उभे, हेडक्लार्क उभे, मामा उभे. खिडकीबाहेरची रांगही उभी.

‘अहो, दोन ओळी आहेत त्या!’ साहेब शेवटी कडाडले. ‘दोन ओळी वाचायला एवढा वेळ?’

‘पडद्यावरही दोनच होत्या, साहेब,’ बाई म्हणाल्या, आणि उरलेली दुसरी ओळ पुरी वाचून मगच त्यांनी सही केली.